कापसाच्या मुलखातील लॉज

महोदय,

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या लढ्याविषयी मराठी वृत्तपत्रांत लिहिले जाते तेव्हा नेत्यांची भाषणे आणि मोर्चे यांनाच जागा मिळते. ज्या वर्गणीदार संघटनांनी, म्हणजे तिकडच्या लॉजनी, या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या आजारपणात आणि मयतीच्या वेळी सावरले, त्यांचा उल्लेख क्वचितच होतो.

या परंपरेचा आरंभ १७७५ मध्ये बोस्टनला झाला. प्रिन्स हॉल आणि त्यांच्या १४ स्वतंत्र कृष्णवर्णीय सोबत्यांना ब्रिटिश पलटणीबरोबर असलेल्या एका आयरिश लॉजने फ्रीमेसन, म्हणजे परस्परसाहाय्य करणाऱ्या एका बंधुसंघाचे सभासद, म्हणून दीक्षा दिली. पुढे त्यांनी इंग्लंडच्या ग्रँड लॉजकडून स्वतःचे लॉज चालवण्याची १७८४ ची सनद मिळवली. याच हॉल यांनी १७७७ मध्ये इतरांसह गुलामगिरी रद्द करण्याचा अर्ज मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाकडे केला होता. व्हर्जिनिया राज्यातील रिचमंडमध्ये धुणी धुणाऱ्या आईची लेक मॅगी वॉकर यांनी सेंट ल्यूक या अशाच वर्गणीदार संघटनेच्या बळावर १९०३ मध्ये बँक उभारली.

मला मात्र माऊंड बायूची हकीकत विशेष महत्त्वाची वाटते, कारण मिसिसिपीच्या कापूसपट्ट्यातले ते गाव पूर्वीच्या गुलामांनी १८८७ मध्ये वसवले. जिथे कृष्णवर्णीय रुग्णाला बरोबरीची वागणूक मिळत नव्हती, त्या प्रदेशात ‘नाइट्स अँड डॉटर्स ऑफ टेबोर’ या संघटनेने १९४२ मध्ये स्वतःचे रुग्णालय उघडले आणि बटईने कापूस पिकवणाऱ्या कुटुंबांना वार्षिक वर्गणीत शस्त्रक्रियेची सोय करून दिली. तिथले पहिले मुख्य शल्यचिकित्सक डॉ. टी. आर. एम. हॉवर्ड यांनीच पुढे मेडगर एव्हर्स या तरुणाला, म्हणजे नंतरच्या नागरी हक्क चळवळीतील नेत्याला, आपल्या विमा कंपनीत नोकरी दिली, आणि एमेट टिल या कृष्णवर्णीय मुलाच्या १९५५ च्या खून खटल्यात साक्षीदारांना आसरा दिला. मोर्च्यांच्या मागे ही अशी माणसे आणि अशा संस्था होत्या.

आमच्या राळेगाव भागातही कापूस आहे, बटई आहे, आणि महिलांचे बचत गट नेमाने वर्गणी जमवतात. तरीही घरात मोठे दुखणे आले की अनेकांना सावकाराचीच पायरी चढावी लागते. गटांच्या संघांनी तालुका पातळीवर उपचारनिधी उभारण्याचा विचार गांभीर्याने करावा. मात्र त्यात दरवर्षी बाहेरच्या लेखापरीक्षकाकडून तपासणी आणि सभासदांपुढे हिशेबाचे वाचन या अटी पहिल्याच दिवशी घालाव्यात, कारण रिचमंडमधीलच ‘ट्रू रिफॉर्मर्स’ या मोठ्या संघटनेची बँक १९१० मध्ये गैरव्यवहारांमुळे बुडाली आणि गरिबांच्या ठेवी अडकल्या.

– एक वाचक, ता. राळेगाव, जि. यवतमाळ