डॉली पार्टन यांच्या बिलमामांस

आदरणीय बिल ओवेन्स यांस,

सविनय नमस्कार.

2021 मध्ये आपण हे जग सोडून गेलात, हे ठाऊक असूनही मी हे जाहीर पत्र लिहीत आहे, कारण अमेरिकेतील ग्रामीण लोकसंगीतातून आलेल्या ‘कंट्री’ शैलीच्या गायिका डॉली पार्टन यांच्या गाण्यावर जीव लावणाऱ्या माझ्यासारख्या श्रोत्यावर आपले ऋण आहे.

टेनेसीतील सेव्हियर काउंटीच्या डोंगराळ भागात 1946 साली डॉलीचा जन्म झाला, तेव्हा वडिलांनी डॉक्टरांना पैशांऐवजी मक्याच्या पिठाची गोणी दिली होती. बारा लेकरांच्या अशा घरात एखादीचा गळा कितीही गोड असला, तरी तो रेडिओपर्यंत नेणार कोण? ते काम आपण, तिच्या आईच्या भावाने, अंगावर घेतले. दहाव्या वर्षी ती नॉक्सव्हिलला कॅस वॉकर यांच्या कार्यक्रमात गाऊ लागली, त्यामागे आपली धडपड होती. 1959 मध्ये निघालेल्या तिच्या पहिल्या तबकडीवरचे ‘पपी लव्ह’ हे गाणेही आपण दोघांनी मिळून रचलेले होते.

मला सर्वाधिक कृतज्ञता वाटते ती पुढच्या काळाबद्दल. 1964 मध्ये शालेय शिक्षण संपताच दुसऱ्याच दिवशी ती कंट्री संगीताचे केंद्र असलेल्या नॅशव्हिलला गेली खरी, पण मॉन्युमेंट या ध्वनिमुद्रण कंपनीला तिचा आवाज कंट्री संगीतासाठी योग्य वाटेना आणि तिच्याकडून पॉप गाणी गाऊन घेतली जात होती. मामा-भाचीने लिहिलेले ‘पुट इट ऑफ अंटिल टुमॉरो’ 1966 मध्ये बिल फिलिप्स यांनी गायले, त्यांच्या मागे तिचा उंच, थरथरता सूर उमटला आणि तबकडीवर नाव नसलेली ही गायिका कोण, अशी विचारणा होऊ लागली. त्या यशानंतरच कंपनीने तिला कंट्री गाऊ दिले. 1967 मध्ये तर ती कंट्री गायक पोर्टर वॅगनर यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात दिसू लागली. आपण स्वतः गाणारे आणि गीते रचणारे होतात. तरीही भाचीचे नाव पुढे जावे म्हणून आपण इतकी वर्षे झिजलात, याचे मला फार मोल वाटते.

आपल्या निधनानंतर डॉली यांनी आपले ऋण जाहीरपणे मान्य केले. त्यात एका दूरच्या श्रोत्याचे मनःपूर्वक आभार जोडून घ्यावेत, ही विनंती.

आपला कृतज्ञ,
एक मराठी श्रोता