क्षेत्रकार्याचे तास पडद्यावर भरू नका

महोदय,

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा समाजकार्य शिकवणाऱ्या आम्हा शिक्षकांपुढे निराळाच पेच होता. कायदे, सिद्धांत, संशोधन पद्धती झूमवर शिकवता आल्या. पण एमएसडब्ल्यूचा, म्हणजे समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीचा, विद्यार्थी आठवड्यातले दोन दिवस वस्तीत, रुग्णालयात, बालगृहात जातो, त्याचे काय करायचे? मुंबईत १९३६ साली टाटांची समाजकार्याची संस्था निघाली. तेव्हापासून असे लोकांत जाऊन करायचे काम, म्हणजे क्षेत्रकार्य, हाच या शिक्षणाचा कणा आहे.

शिक्षकांनी वाट काढली. गावी अडकलेल्या मुलांना तिथेच आशाताई आणि ग्रामपंचायतीबरोबर कामाला लावले. रेशन न मिळालेल्या कुटुंबांच्या याद्या, एकट्या वृद्धांची फोनवर विचारपूस, हेच क्षेत्रकार्य झाले. खरी अडचण गोपनीयतेची होती. दोन खोल्यांच्या घरात बसून एक विद्यार्थिनी मारहाण सोसणाऱ्या बाईबद्दल माझ्याशी बोलत होती. मध्येच घरचे कोणी खोलीत आले की ती गप्प व्हायची आणि पुढचे चॅटमध्ये लिहायची. मग आम्ही नियमच केला: इअरफोन हवाच, नाव-गाव घ्यायचे नाही, कोणी आले तर ‘नेटवर्क गेले’ म्हणून थांबायचे.

त्यातले काही आजही टिकवावे असे आहे. मेळघाटात ब्लॉक प्लेसमेंटला, म्हणजे सलग काही आठवडे एकाच ठिकाणी राहून काम करायला, गेलेल्या मुलीला मार्गदर्शकाच्या भेटीची वाट पाहत बसावे लागत नाही. रेंज मिळाली की त्याच आठवड्यात व्हिडिओ कॉलवर तिच्या नोंदींवर बोलता येते.

मात्र सोय हाती आली म्हणून मूळ कामच आखडू लागले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम्’ या सरकारी ऑनलाइन शिक्षणमंचावरून करण्याची मुभा दिली. ती व्याख्यानांना ठीक आहे. पण संस्थाभेटीऐवजी चित्रफीत दाखवून क्षेत्रकार्याचे तास भरल्याचे मी पाहिले आहे, आणि ते मला मुळीच मान्य नाही. गृहभेटीत प्रश्न सुनेला विचारला तरी उत्तर सासू देते, सून तेवढ्यात पदर सावरून आत जाते. कॅमेऱ्यासमोर एकच चेहरा बसवला की हे दिसतच नाही. ते दिसले नाही, तर पुढचा प्रश्न कोणाला आणि कुठे विचारायचा हे त्या विद्यार्थ्याला कळणार कसे?

विद्यापीठांनी क्षेत्रकार्याचे किमान प्रत्यक्ष तास नियमात स्पष्ट लिहावेत, ऑनलाइन मार्गदर्शन त्याव्यतिरिक्त धरावे आणि रिकामी असलेली शिक्षकपदे भरावीत. एकेका मार्गदर्शकाकडे डझनावारी विद्यार्थी असतील, तर तो ना वस्तीत पोहोचतो, ना पडद्यावर.

– एक समाजकार्य शिक्षिका, नाशिक