औषध लागू का पडलं नाही?

प्रिय सुहास,

सानू न्यूमोनियातून उठून घरी आली, ताप उतरला, पुन्हा खोड्या सुरू झाल्या, हे वाचून जीव भांड्यात पडला. पण पत्राच्या शेवटी तू जे विचारलं आहेस ते फोनवर दोन वाक्यांत उरकण्यासारखं नाही. पहिले तीन दिवस अँटिबायोटिक लागू पडलं नाही म्हणजे जंतू औषधाला दाद न देणारा होता का, आणि असला जंतू नेमका आमच्याच पोरीच्या वाट्याला का यावा? म्हणून हे लांबलचक.

न्यूमोनियाचं मूल ४८ ते ७२ तासांत सुधारलं नाही की सगळे 'रेझिस्टन्स' म्हणून मोकळे होतात. आम्ही डॉक्टरही घाईत असलो की तेच म्हणतो. खरं तर तेव्हा आधी शोधायचं असतं ते छातीत पू साठला आहे का. साठलेल्या पुवात औषध असून नसल्यासारखं होतं, जंतू कितीही लेचापेचा असो. मग बघायचं, जंतू तोच आहे ना? विषाणूवर अँटिबायोटिकचा उपयोग शून्य. मायकोप्लाझ्मा नावाच्या जंतूला पेशीभित्तिका, म्हणजे पेशीभोवतीची भिंतच नसते आणि अमॉक्सिसिलिन हे पेनिसिलिनच्या कुळातलं नेहमीचं औषध त्या भिंतीवरच घाव घालतं, त्यामुळे तिथे ते कितीही पाजलं तरी फुकट. क्षयरोग असू शकतो, श्वासनलिकेत अडकलेला एखादा दाणा असू शकतो. रेझिस्टन्सचा नंबर या सगळ्यानंतर.

तुमच्या बाबतीत मात्र दोन्ही गोष्टी होत्या. पू होता, नळी घालावी लागली. आणि तू पाठवलेल्या कल्चर रिपोर्टवर न्यूमोकॉकस या न्यूमोनियाच्या नेहमीच्या जंतूपुढे पेनिसिलिनच्या रकान्यात 'मध्यम' लिहिलं आहे. लॅबमध्ये ताटलीवर जंतू पसरतात आणि त्यावर औषधाच्या छोट्या चकत्या ठेवतात. औषध चालत असेल तर चकतीभोवती स्वच्छ गोल रिंगण पडतं, चालत नसेल तर जंतू थेट चकतीच्या कडेपर्यंत उगवलेले दिसतात. पेनिसिलिनसाठी त्यापुढे जाऊन किती औषधाला जंतू दबतो तेही मोजतात. 'मध्यम' म्हणजे दबतो, पण जास्त औषध लागतं.

न्यूमोकॉकसची चलाखी अशी, की पेनिसिलिन ज्या प्रथिनांना चिकटतं त्यांचा आकारच तो हळूहळू बदलत जातो. ही ढाल पायरीपायरीने जाड होते, म्हणून डोस वाढवला की बरेचदा भेदता येते. त्यासाठीच अशा मुलांना अमॉक्सिसिलिन दिवसाला किलोमागे ८० ते ९० मिलिग्रॅम देतात. सानू १० किलोची, म्हणजे दिवसाला ८०० ते ९००. महिन्यापूर्वी कान फुटला तेव्हा तुम्ही त्याच औषधाच्या, पाच मिलीत १२५ मिलिग्रॅम असलेल्या बाटलीतून पाच मिली तीनदा देत होता, म्हणजे दिवसाला ३७५. त्याला चुकीचं म्हणणार नाही, किलोमागे साधारण ४०चा डोस कित्येक ठिकाणी दिला जातो. पण तीच उरलेली बाटली तुम्ही खोकला सुरू झाल्यावर पुन्हा काढलीत, तिथे मात्र मी तुला धरणार. पाणी घालून कालवलेलं ते औषध आठवड्या-दोन आठवड्यांत उतरतं. आणि हिमोफिलससारखा जंतू असेल तर नुसता डोस वाढवूनही भागत नाही, कारण तो विकर (एन्झाइम) सोडून औषधच तोडतो. तिथे जोडीला त्या विकराला अडवणारं क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल लागतं.

आता 'आमच्याच पोरीला का'. तीन गोष्टी जुळून आल्या: वय दोनच्या आत, पाळणाघर, आणि गेल्या तीन महिन्यांत घेतलेलं अँटिबायोटिक. तिसरी सगळ्यात महत्त्वाची. लोकांना वाटतं शरीराला औषधाची सवय होते. तसं नसतं. लहान मुलांच्या नाकाघशात न्यूमोकॉकस एरवीही मुक्कामाला असतो, अनेकदा एकाहून जास्त वाणांचा. औषध दिलं की त्यातले मऊ मरतात, चिवट उरतात आणि त्यांना रान मोकळं मिळतं. पाळणाघरात चिवट वाण एका नाकातून दुसऱ्या नाकात जायला वेळ लागत नाही, त्यामुळे औषध शेजारच्या पोराने घेतलेलं असलं तरी जंतू तुमच्या घरी येऊ शकतो. मग एखादी साधी सर्दी येते, श्वासमार्गाचं अस्तर दुखावतं आणि हा पाहुणा खाली फुप्फुसात उतरतो.

नुकतंच रुग्णालयात राहून आलेलं मूल हाही त्याच यादीतला धोका. व्हेंटिलेटरवर राहिलेल्या, अपुऱ्या दिवसांच्या बाळांत क्लेब्सिएलासारखे फार चिवट जंतू भेटतात, तो वेगळाच अध्याय. फ्लूनंतर झपाट्याने बिघडणारं मूल दिसलं की स्टॅफ (स्टॅफिलोकॉकस) या जंतूची धास्ती असते. कुपोषण, एचआयव्ही, घरातला धूर यांनी न्यूमोनिया होण्याची आणि गंभीर होण्याची शक्यता वाढते. रेझिस्टन्सशी यातल्या बऱ्याचशांचा संबंध, माझ्या मते, आडवळणाने येतो: अशी मुलं वारंवार आजारी पडतात, म्हणून औषधंही वारंवार घेतात.

लसीबद्दल तू विचारलं नाहीस, तरी सांगतो. अमेरिकेत २००० साली सात प्रकारांवरची न्यूमोकॉकल लस आली आणि औषधाला न जुमानणाऱ्या न्यूमोकॉकसचे गंभीर आजारही घटले, कारण चिवट वाण बहुतांशी त्याच सातांतले होते. पुढे लसीत नसलेला १९ए नावाचा प्रकार डोकं वर काढू लागला, म्हणून २०१०मध्ये त्यालाही सामावणारी तेरा प्रकारांची लस आली. रेझिस्टन्सवर लस हा उपाय लोकांच्या ध्यानातच येत नाही!

कोर्सबद्दल: साध्या, सुधारत असलेल्या न्यूमोनियाला दहा दिवसांऐवजी पाच पुरतात, असं अलीकडच्या चाचण्यांत दिसलं आहे. जास्त दिवस म्हणजे जास्त सुरक्षित, हा समज जुना झाला. पण सानूच्या छातीत पू होता, तिला हे लागू नाही. तिचं औषध तुमचे डॉक्टर सांगतील त्याच दिवशी थांबवा.

आणि पुढच्या वेळी कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तर गेल्या तीन महिन्यांत तिने कुठलं अँटिबायोटिक किती मिली, किती दिवस घेतलं ते आपणहून सांगा. पहिलं औषध कुठलं आणि किती द्यायचं ते त्यावर बदलतं, कल्चर यायला दोन-तीन दिवस लागतात. तिच्या लसीकरणाच्या कार्डाचा फोटो पाठव. न्यूमोकॉकलचा बूस्टर राहिलेला असेल अशी मला शंका आहे.

तुझा,
अवधूत