फोनवरची ऑर्डर आणि सिस्टरची सही

मा. संपादक साहेब, नमस्कार.

१२ मेला नर्सेस डे झाला, पेपरात आमचे मेणबत्त्या घेऊन शपथ घेतानाचे फोटो आले, बरं वाटलं. त्या शपथेत एक ओळ आहे, अपायकारक औषध जाणूनबुजून कुणाला देणार नाही. जाणूनबुजून कोण देतंय हो? पण रात्री दोनला फोनवर ऐकून दिलेल्या औषधाचं काय, त्याच्यावर कुणी लिहीत नाही म्हणून मीच लिहायले.

परभणीत एका खाजगी हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे, या लाइनीत २२ वर्षं झाली. नाइटला सर म्हणजे मोठे डॉक्टर घरी, आरएमओ म्हणजे हॉस्पिटलात थांबून ड्युटी करणारा डॉक्टर असला तर असला. मागच्या पावसाळ्यात जिंतूरकडची एक आजी ॲडमिट होती, शुगर लई वाढलेली, बाहेर धो धो पाऊस, फोन तुटत होता, सरांनी इन्सुलिन सांगितलं ते मला 'सिक्स्टीन' ऐकू आलं. मनाला पटेना म्हणून परत लावला तर सर चिडले, "सिस्टर, कितीदा सांगायचं?" मी म्हटलं सर, एकावर सहा, सोळा युनिट ना? पलीकडं जरा वेळ आवाजच नाही. मग म्हणाले, "अहो नुसतं सहा." सिरिंज माझ्या हातातच होती, भरायची तेवढी राहिली होती. आजी चौथ्या दिवशी चालत घरी गेली, तिला यातलं काही माहीत पण नाही.

सकाळी ट्रीटमेंट शीटवर सही मागितली तर "ठेवा, करतो". फाईल रेकॉर्डला गेली तरी ती जागा कोरीच.

आता यातली कायद्याची गोष्ट ऐका, आमच्यातल्या निम्म्या जणींना ती माहीत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. निष्काळजीपणानं माणूस दगावला तर जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३०४-अ मध्ये शिक्षा जास्तीत जास्त दोन वर्षं होती, डॉक्टर असो की नर्स. नवीन कलम १०६ मध्ये पाच वर्षांपर्यंत केली आणि उपचार करताना डॉक्टरकडून झालं तर मात्र दोनच. डॉक्टर म्हणजे मेडिकल रजिस्टरमध्ये नाव असलेला. आमचं नाव महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या रजिस्टरात, ते यात धरत नाहीत. म्हणजे ऑर्डर देणाऱ्याला दोन आन् ती ऐकणाऱ्याला पाच! ग्राहक कोर्टात केस गेली तर स्टाफच्या चुकीची भरपाई हॉस्पिटलच्याही गळ्यात पडते, पण फौजदारी गुन्ह्यातली शिक्षा ज्याची त्यालाच भोगावी लागते.

आमच्या इथल्या एका ज्युनिअर पोरीनं असंच फोनवरून सांगितलेलं इंजेक्शन दिलं, पेशंटला रिॲक्शन आली, नशीब वाचला. सर म्हणाले मी असं सांगितलंच नव्हतं. पोरीकडं कागद नाही, पगार कापला तिचाच.

आमचं सगळं चोख असतं असं नाही बरं का. पहाटे चारलाच सहाचं बीपी लिहून ठेवलेलं मी बघितलंय, खोटं कशाला बोलू, एकदोनदा मीपण लिहिलंय, ३८ पेशंट आणि आम्ही दोघी असलो की होतं. पण तो कागद कोर्टात गेला की किती पेशंट होते ते कोण विचारणार, सही कुणाची तेवढंच बघतात.

मागणं काय फार मोठं नाही. फोनवर ऑर्डर घेताना स्पीकर लावून दुसऱ्या सिस्टरनं ऐकायची, आकडा परत म्हणून दाखवायचा, वेळ टाकून लिहायचं आणि सरांनी राउंडला आल्यावर पहिली सही तिथं करायची. मोठ्या शहरातल्या एनएबीएचवाल्या, म्हणजे दर्जा तपासून सर्टिफिकेट मिळालेल्या हॉस्पिटलात हे लेखी नियम आहेत, आमच्याकडं नियम मागितला की "मॅडम लई शहाण्या झाल्या" असं ऐकावं लागतं. सध्या मी एप्रनच्या खिशात एक छोटी वही ठेवते, तारीख, वेळ, औषध, कोणी सांगितलं, सगळं त्यात. नवीन आलेल्या पोरींना पण घ्यायला लावलीय.

पत्र छापलं तर नाव टाकू नका, परवापासून परत नाइट आहे.

एक स्टाफ नर्स, परभणी