वहीतला ‘द’

ती. आई-बाबांस,
सा. न.

वही टाइप करून झाली. आता ती ताऱ्यांचे नकाशे काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये भरतेय. स्क्रीनवर आकाश उघडलं की तुम्ही दोघांनी पाहिलेला प्रत्येक तारा ठिपका होऊन दिसेल, आणि ठिपक्यावर क्लिक केलं की आईचं टिपण.

बाबा, फाइल साधीच असते. एका ओळीत एक तारा: नाव, विषुवांश (आकाशातले रेखांशच म्हणा), क्रांती (आकाशातले अक्षांश), टिपण, मध्ये स्वल्पविराम. पण पहिल्याच दिवशी मृगातले तारे मीन राशीजवळ जाऊन बसले! विषुवांश तुम्ही तासांत लिहिलेत, सॉफ्टवेअरला अंश हवे होते. तासाचे 15 अंश, म्हणून सगळा रकाना 15 ने गुणला. आईच्या ‘ढग, दिसला, परत ढग’ अशा टिपणांनी रकाने फुटत होते. ती अवतरणचिन्हांत घातली, स्वल्पविराम एकही काढला नाही.

खरी अडले ती मिंटाकापाशी, मृगातल्या एका रेषेतल्या तीन ताऱ्यांच्या, म्हणजे त्रिकांडाच्या, पश्चिमेकडच्या ताऱ्यापाशी. वहीत क्रांती ‘द 0° 20′’. दक्षिण म्हणून अंशांच्या रकान्यात उणे शून्य लिहिलं, पण तक्त्याच्या प्रोग्रॅमला उणे शून्य काय नि शून्य काय, एकच. चिन्ह गळलं आणि तारा आकाशातल्या विषुववृत्ताच्या उत्तरेला, 40 कला वर गेला (60 कलांचा एक अंश). पौर्णिमेचा चंद्रसुद्धा साधारण 30 कलांचाच असतो. व्याधाची क्रांती उणे 16 अंश, तो जागचा हलला नाही, म्हणून चूक लवकर लक्षात येईना. आई, लाल कागद लावलेल्या टॉर्चच्या उजेडात तू प्रत्येक आकड्याआधी ‘उ’ नाहीतर ‘द’ लिहिलंयस, एकदाही न विसरता. त्यावरूनच चूक सापडली. आता तुझ्या अक्षरांना स्वतंत्र रकाना दिलाय. क्रांतीचं चिन्ह तिथूनच येतं: −0.333.

तरी ठिपका ताऱ्यावर नेमका बसत नाही. वहीत मिंटाकाचा विषुवांश 5 तास 29.5 मिनिटं, सॉफ्टवेअरमध्ये 5 तास 32. पृथ्वीचा आस हळूहळू डुलतो म्हणून ताऱ्यांचे हे आकडे सरकत राहतात, ते संपातचलन; पन्नास वर्षांचं ते तिथे एवढंच भरतं, म्हणजे तुमची स्थानं 1950 ची आणि सॉफ्टवेअरची 2000 ची. पण शेवटच्या काही पानांवरचे तारे अचूक जुळतात. बाबा, स्थानं ज्यातून घेत होतात तो नकाशासंग्रह मध्येच बदललात का? कोणत्या पानापासून, तेवढं आठवून कळवा. तोवर तुमचं एकही स्थान मी अंदाजाने हलवणार नाही.

तुमची,
लेक