ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या टॉकीजमध्ये परभाषेचे सिनेमे

रामबाग, इंदूर

प्रिय नाना,

सप्रेम नमस्कार.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या त्या जुन्या टॉकीजमध्ये महिन्यातून एका रविवारी सकाळी परदेशी सिनेमा दाखवायचं तू मनावर घेतलंस, हे वाचून फार आनंद झाला. कोणते सिनेमे घ्यावेत असं तू विचारतोस. पण त्याआधी मालकाला विचार की प्रोजेक्टरच्या केबिनमध्ये डीसीपी (थिएटरसाठी बनवलेलं सिनेमाचं डिजिटल पॅकेज) चालवणारा सर्व्हर आहे का. बऱ्याच सिंगल स्क्रीनमध्ये उपग्रहावरून सिनेमा उतरवणारी ई-सिनेमाची यंत्रणा असते. तिच्यावर डीसीपी चालत नाही, आणि ऑस्करचं नामांकन मिळालेले सिनेमे वितरकाकडून बहुधा डीसीपीतच येतात. सर्व्हर नसेल तर वितरकाकडून साधी फाइल किंवा ब्लू-रे मागावी लागते, आणि तीही लेखी परवानगीसह. घरच्या ओटीटीवरून किंवा विकतच्या डिस्कवरून जाहीर खेळ करता येत नाही. शिवाय ब्लू-रेसाठी जगाचे ए, बी, सी असे रीजन पाडलेत; युरोपातली डिस्क बहुधा बी रीजनची असते आणि आपला देश सी रीजनमध्ये येतो, त्यामुळे इथला प्लेअर ती अनेकदा घेतच नाही.

सर्व्हर आहे असं धरून पुढचं लिहितो. डीसीपी हार्ड डिस्कवर येते. एका सिनेमाचे शंभर-दोनशे जीबी सहज होतात, आणि यूएसबीवरून ते सर्व्हरवर उतरवायला दोन-तीन तास लागू शकतात. म्हणून डिस्क निदान दोन दिवस आधी हातात हवी. डिस्क लिनक्सच्या पद्धतीनं फॉरमॅट केलेली असते. कुणी उत्साहानं ती विंडोजच्या लॅपटॉपला लावली की पडद्यावर विचारणा येते, ‘डिस्क फॉरमॅट करायची का?’ तिथं ‘हो’ दाबलं की सिनेमा गेला. केबिनमधल्या पोरांना हे आधीच बजावून ठेव.

सर्वांत जास्त घोटाळा होतो तो नावात. एकाच डिस्कवर एकाच सिनेमाच्या दोन-तीन आवृत्त्या असतात आणि सर्व्हरच्या यादीत त्या इंग्रजी अक्षरांच्या लांबलचक नावांनी दिसतात. त्या नावात भाषेची जोडी शोध. ‘एफआर-एक्सएक्स’ म्हणजे संवाद फ्रेंच आणि सबटायटल नाहीत. ‘एफआर-ईएन’ म्हणजे फ्रेंच संवाद, खाली इंग्रजी सबटायटल. ऑपरेटर यादीतली पहिली ओळ उचलतो आणि अख्खं थिएटर न कळणारी भाषा ऐकत बसतं. त्याच नावात भाषेच्या जोडीआधी ‘एफ’ किंवा ‘एस’ असतं, म्हणजे फ्लॅट (चित्राची रुंदी उंचीच्या १.८५ पट) की स्कोप (२.३९ पट). त्याप्रमाणे प्रोजेक्टरची सेटिंग बदलायची. कधी सबटायटलची आवृत्ती वेगळी छोटी फाइल म्हणून येते. ती मूळ आवृत्तीवाचून चालत नाही, दोन्ही उतरवाव्या लागतात.

त्यानंतर केडीएम. डीसीपी बहुधा कुलूपबंद येते, आणि ते कुलूप उघडणारी ही डिजिटल किल्ली त्या एकाच सर्व्हरसाठी आणि ठरावीक वेळेपुरतीच बनते. सर्व्हर किंवा त्याचा मीडिया ब्लॉक (कुलूप उघडून सिनेमा चालवणारा भाग) मधल्या काळात बदललेला असेल आणि वितरकाकडे जुनाच नंबर असेल, तर किल्ली लागणार नाही. वेळही नीट बघ: किल्लीत ‘१०:००’ लिहिलंय आणि ती जागतिक वेळ असेल, तर आपल्याकडे ती दुपारी साडेतीनला उघडेल, तुझा सकाळचा खेळ गेला. किल्ली शनिवार सकाळपासून चालू हवी असं स्पष्ट लिहून कळव, म्हणजे शनिवारी चाचणी घेता येईल.

ही चाचणी कशी घ्यायची ते सांगतो, कारण माझ्या मते सारं इथंच ठरतं. परभाषेचा सिनेमा खालच्या दोन ओळींवर उभा असतो. त्या प्रत्येक खुर्चीवरून वाचता आल्या तरच माणूस पुढच्या महिन्यात परत येतो. केबिनच्या खिडकीतून पाहून काही कळत नाही. भरपूर संवादांचा एक तुकडा लावायला सांग आणि स्वतः स्टॉलच्या मधल्या रांगेत जाऊन बस. समोर दोघा-तिघांना बसव. जुन्या टॉकीजमध्ये स्टॉलच्या जमिनीला उतार कमी असतो, त्यामुळे पुढच्याचं डोकं नेमकं खालच्या ओळीवर येतं. तसं असेल तर आधी बाल्कनी भर, आणि स्टॉलमध्ये एकाआड एक रांग दे. पडद्याच्या खालच्या काळ्या पट्टीनं दुसरी ओळ अर्धी कापली जातेय का तेही बघ. जुने सिनेमे १.३७ च्या चौकटीत असतात, दोन्ही बाजू काळ्या राहतात. ऑपरेटर ‘पडदा भरतो’ म्हणून झूम करायला बघेल. करू देऊ नकोस, डोकीही जातात आणि सबटायटलही.

आवाजाचंही सांभाळ. लोकांना भाषा कळत नाही म्हणून आवाज कमी चालतो असं केबिनमध्ये धरून चालतात. ते अगदी चूक आहे. शब्द कळत नसला की माणूस स्वराकडे, श्वासाकडे अधिक कान देतो.

इंटरव्हलचं मालकाशी आधीच बोलून घे. या सिनेमांत मध्यंतराची जागा नसते, आणि ऑपरेटर घड्याळ बघून बरोब्बर अर्ध्यावर, वाक्याच्या मध्येच तोडतो. दोन तासांच्या आतला सिनेमा सलग दाखव. कँटीनचा धंदा बुडू नये म्हणून अर्धा तास आधी चहा-पोहे ठेव. मोठा सिनेमा असेल तर चाचणीतच प्रसंग संपतो ती जागा मिनिट-सेकंदासह लिहून दे.

जाहीर खेळ करणार असशील तर १९५२ च्या कायद्यानं सेन्सॉरचं प्रमाणपत्र हवंच. भारतीय वितरकाकडे ते आहे का विचार. फिल्म सोसायट्यांना फक्त सभासदांसाठी दाखवण्यापुरती सूट मिळू शकते. त्यासाठी फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज ऑफ इंडियाशी (स्थापना १९५९, पहिले अध्यक्ष सत्यजित राय) पत्रव्यवहार आत्ताच सुरू कर.

आता निवड. ऑस्करच्या परदेशी विभागासाठी प्रत्येक देश आपला एकच सिनेमा पाठवतो. डिसेंबरात पंधरांची यादी लागते, जानेवारीत पाच उरतात. म्हणून नुसत्या त्या पाचांवर विसंबू नकोस. २०२३ साली फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळवलेला ‘अ‍ॅनाटॉमी ऑफ अ फॉल’ फ्रान्सनं पाठवलाच नाही. २०२४ साली तिथंच ग्रां प्री (दुसऱ्या क्रमांकाचं पारितोषिक) मिळवलेला, मराठीही कानावर पडणारा ‘ऑल वुई इमॅजिन अ‍ॅज लाइट’ आपण पाठवला नाही. पहिल्या खेळाला मात्र लाटव्हियाचा ‘फ्लो’ मिळव. नामांकनही होतं, अ‍ॅनिमेशनचं ऑस्करही मिळालं, आणि त्यात एकही संवाद नाही. वाचायची सवय नसलेले काका-काकूही निर्धास्त बसतील. मग कमी बोलका एखादा, आणि कोर्टकचेरीचे, धाडधाड बोलणारे चार-पाच महिन्यांनी. प्रत्येक वेळी पात्रांची नावं-नाती आणि देशाची थोडी पार्श्वभूमी असा मराठी-हिंदी एक कागद दाराशी वाट, शेवट न सांगता.

डिसेंबरात तानसेन समारोह, मागोमाग मेळा. तेव्हा लोक तिकडेच असतात. मार्चपासून सुरू कर. सर्व्हरच्या पाठीमागे कंपनी, मॉडेल आणि सिरीयल नंबरची चिठ्ठी असते, तिचा स्पष्ट फोटो पाठव, म्हणजे वितरकाला लिहायच्या पत्राचा मसुदा मी करून देतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
बापू