बंड्या, ते ‘पाच’ माझं होतं

इंदूर,
रविवार, रात्रीचे साडेदहा

प्रिय बंड्या,

पाकिटावर माझं अक्षर बघून वहिनींना आधी वाटेल की इकडे कुणीतरी गेलं. तसं काही नाही, सगळे ठणठणीत आहेत. फोनवर सांगायला घेतलं असतं तर तू मधेच "सोड ना यार, कुठल्या काळातली गोष्ट" म्हणाला असतास, आणि मीही सुटलो म्हणून विषय बदलला असता. म्हणून कागद.

परवा मुंजीच्या पंगतीत मी मठ्ठा वाढत तुझ्या रांगेपर्यंत आलो होतो. कुणीतरी नव्या जावईबापूंना सांगत होतं, "यांना काही विचारू नका हं, बंड्याला विचाराल तर बुडाल." जावई बिचारे समजल्यासारखे हसले. तूही हसलास आणि न मागता आणखी श्रीखंड वाढून घेतलंस. तुझे कान लाल झालेले मी बघितले. माझ्या हातात मठ्ठ्याची किटली होती, तोंड रिकामंच होतं. तेव्हाच बोलायला हवं होतं. चोवीस वर्षं हेच चाललंय.

तुला तो काळ आठवतो ना? ३ जुलै २००० ला ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू झालं आणि रात्री नऊला रामबागेत कुत्रं दिसेना. ऑक्टोबरात हर्षवर्धन नवाथे एक कोटी जिंकला तेव्हा आपल्या गल्लीत पेढे वाटले होते, जणू काही तो आपल्यातल्याच कुणाचा मावसभाऊ. सत्तावीस वर्षांचा, मराठी, स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारा. आपणही तेव्हा तेच करत होतो, म्हणजे करतो असं घरी सांगत होतो. मग आपल्या केबलवाल्याच्या डोक्यात किडा शिरला आणि जानेवारीत त्यानं आपलं घरगुती करोडपती काढलं. रकमा सगळ्या तिकडच्याच, फक्त दोन शून्यं कमी. पहिला प्रश्न दहा रुपयांचा, पंधरावा एक लाखाचा. पाचव्याला शंभर रुपये पक्के, दहाव्याला बत्तीसशे पक्के. त्याच्यापुढे चुकलं की धाडकन बत्तीसशेवर.

हॉट सीट म्हणून सलूनमधली फिरती खुर्ची आणली होती, डोक्याचा टेका काढून. मी सारखा मागे टेकायला जात होतो आणि मागे काहीच नव्हतं. ‘लॉक’चा आवाज कॅसिओवर एक पोरगा काढायचा, तोही कधी कधी उशिरा. सूत्रसंचालक ऑर्केस्ट्रात निवेदन करणारे गृहस्थ, बच्चनसाहेबांसारखा घसा बसवून "कॉन्फिडंट?" विचारायचे आणि मग स्वतःच खोकायचे.

पहिले दहा प्रश्न सांगण्यासारखे नाहीत. शंभर रुपयांचा प्रश्न होता, लता मंगेशकरांचा जन्म कुठल्या शहरातला. इंदूरच्या सभागृहात हा विचारायचा प्रश्न झाला? मी तोंड उघडायच्या आत लोकांनीच उत्तर दिलं. मध्य प्रदेशातून १ नोव्हेंबरला कुठलं राज्य वेगळं झालं हाही होता, तेव्हा अगदी ताजा. बत्तीसशेपर्यंत मी चालत गेलो. अकरावा तर खेळायलाच हवा होता, चुकलं तरी खाली जायला जागा नव्हती.

बारावा मात्र खरा. साडेबारा हजार. मंदसौरचा तह कोणत्या साली झाला? १८०३, १८०५, १८१८, १८५७. मी जनतेला विचारलं. जनमत म्हणजे दोन पोरं रांगांतून फिरून हात मोजायची आणि टक्के अंदाजानं ठोकायची. जनता म्हणाली, १८०५. मला पटेना. १८०५ चा होळकरांचा तह वेगळा, राजघाटचा. महिदपूरची लढाई डिसेंबर १८१७ ची, हे मला पक्कं ठाऊक होतं. लढाई हरल्यावर तह करायला काय पन्नास वर्षं लागतात? मी १८१८ लॉक केलं. सगळं सभागृह एका बाजूला आणि मी एका बाजूला, आणि मी बरोबर. तेव्हा जी टाळी पडली ना, ती माझ्या डोक्यात गेली. खोटं कशाला बोलू.

साडेबारा हजार. माझा पगार तेव्हा अडतीसशे होता. आई पहिल्या रांगेत, गुलबक्षी नऊवारीत. तिनं मला डोळ्यांनी खूण केली आणि पदर खोचला. घरी जाताना ती पदर खोचते, ते तुलाही माहीत आहे.

आणि तेरावा. पंचवीस हजार. "होल्कर टीम ने रणजी ट्रॉफी कितनी बार जीती?" तीन, चार, पाच, सहा.

इंदूरचा पोरगा, आणि हे माहीत नाही! बाबा यशवंत क्लबच्या मैदानाबाहेर सायकल लावून मॅच बघणारे. म्हैसूरविरुद्ध ८ बाद ९१२ आणि एका डावात सहा शतकं, ही गोष्ट मी जेवताना इतक्या वेळा ऐकलीय की भाताबरोबर ती पोटात गेली असेल. सी. के. नायडूंचं नाव काढताना बाबा खुर्चीत सरळ बसायचे. पण करंडक किती वेळा? मोजून कधी कुणी सांगितलंच नव्हतं. आपल्याकडे गोष्टी सांगतात, आकडे नाही.

मी फिफ्टी-फिफ्टी घेतलं. तीन आणि सहा गेले. चार आणि पाच उरले. मग तुला फोन.

तो फोन तुला तुझ्या बाजूनं आठवत असेल. माझ्या बाजूनं असा होता. लँडलाइनच्या रिसीव्हरला काळ्या चिकटपट्टीनं माइक बांधलेला. शाळेच्या खेळाच्या सरांच्या हातात स्टॉपवॉच. तुझ्या काकांच्या घरी घंटी वाजली, तू उचललास आणि तुझ्या मागे कुकरची शिट्टी झाली. लोक हसले, त्यात चार सेकंद गेले. मी मराठीतच विचारलं. तू म्हणालास, "थांब, मोजतो." आणि मोठ्यानं मोजायला लागलास, "कॉम्प्टनवाली एक..." पुढचं दुसऱ्या शिट्टीत गेलं. मग म्हणालास, "पाच. पक्कं, लॉक कर." आणि फोन कटला.

कॉम्प्टनवाली एक. बंड्या, तिथंच सगळं आहे. डेनिस कॉम्प्टन महायुद्धाच्या दिवसांत महूच्या छावणीत होता आणि १९४४-४५ च्या फायनलला होळकरांकडून नाबाद २४९ केले. शतकानंतरच्या प्रत्येक धावेला पैसे देईन म्हणणारा एक शेटजी मॅच संपल्यावर गावाबाहेर गेला होता, असंही सांगतात. इतकी झकास गोष्ट आहे की ऐकणाऱ्याला वाटतं, जिंकलेच असणार. पण ती फायनल आपण मुंबईकडून ३७४ धावांनी हरलो होतो. बाबा ती गोष्ट संपवताना दर वेळी म्हणायचे, "हरलो, पण काय हरलो!"

म्हणजे तू ज्या क्षणी ‘कॉम्प्टनवाली’ म्हणालास, त्या क्षणी मला कळलं की तू एक जास्तीचा धरलास. पाचातून एक गेला की उरतात चार. कोरं माहीत नसणाऱ्याला तू चुकवलं असतंस, पण मला तर तू उत्तर हातात आणून दिलंस. तुझ्या चुकीमुळेच मला बरोबर उत्तर कळलं.

आणि मी पाच लॉक केलं.

आता वाच नीट. माझ्यासमोर तीन रस्ते होते. एक, उठायचं, साडेबारा हजार घेऊन. आईचा पदर खोचून झालाच होता. दुसरा, चार म्हणायचं. तिसरा, पाच. मी काय विचार केला, सांगतो; हे मी हिलाही सांगितलेलं नाही. चार म्हटलं आणि चुकलं, तर सगळं इंदूर म्हणेल, मित्र पक्कं सांगत होता, यानं शहाणपणा केला. पाच म्हटलं आणि चुकलं, तर म्हणतील, मित्रानं बुडवलं. आणि उठलो तर म्हणतील, इंदूरचा असून क्रिकेटला घाबरला, त्यातून उठल्यावर ते गृहस्थ विचारणारच, "खेलते तो क्या जवाब देते?" तेव्हाही काहीतरी म्हणावंच लागणार. पैशाचा विचार मी केलाच नाही. चुकल्यावर कुणाच्या नावानं बोंब होईल, एवढाच केला. जनतेच्या विरुद्ध जायला मला पाच मिनिटांपूर्वी काही वाटलं नव्हतं, कारण जनतेला नाव नसतं. तुझं नाव होतं, फोन होता, कुकरची शिट्टी होती. इतकी चांगली सबब समोरून चालत आली होती, ती मी सोडली नाही.

कॅसिओ वाजला. त्या गृहस्थांनी पाणी प्यायलं, घसा बसवला, आणि सांगितलं. चार.

मग तू सराफ्याच्या खाऊगल्लीत आलास, आठवतं? डोळे सुजलेले. गराडू घेतलेस माझ्यासाठी, वर जिरावण जरा जास्तच टाकायला सांगितलंस, आणि म्हणालास, "माझ्यामुळे झालं यार." मी काय म्हणालो? "जाऊ दे, होतं असं." मोठ्या मनाचा मित्र! आजूबाजूची चार टाळकी माझ्याकडे कौतुकानं बघत होती. तो गराडू मला आजही आठवतो, गरम होता, जीभ पोळली, आणि मी तो पुरा खाल्ला. ती एपिसोडची कॅसेट केबलवाल्यानं आठवडाभर दाखवली आणि तुझं ‘पक्कं, लॉक कर’ पोरांच्या तोंडी झालं.

परवा मुलाला सगळं सांगितलं. तो सीएचा अभ्यास करतो, त्यानं वर्तमानपत्राच्या कडेला हिशेब मांडला. म्हणे, चुकलास तर जातात ९,३००; बरोबर आलास तर येतात १२,५००. म्हणजे शंभरात त्रेचाळीस वेळा बरोबर येण्याचा भरवसा असला तरी खेळायलाच हवं. दोनच पर्याय होते, डोळे मिटून बोट ठेवलं असतं तरी पन्नास. "बाबा, खेळलास ते चूक नव्हतंच." मला क्षणभर बरं वाटलं. माझी आई हे ऐकून म्हणाली असती, शंभर वेळा खेळणाऱ्याला सांग तुझं गणित, हा एकदाच बसला होता. तेही खरं. माझ्यासारख्याला बत्तीसशे आणि साडेबारा हजारांत जेवढं अंतर होतं, तेवढं साडेबारा आणि पंचवीसमध्ये नव्हतं. अमरावतीकडच्या बबिता ताडे, त्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या, २०१९ ला कोटीवर पोचल्या आणि सात कोटींच्या प्रश्नाला थांबल्या, तेव्हा आमच्या घरी टीव्हीसमोर सगळे चुकचुकत होते. मी एकटा गप्प होतो. सोफ्यावर बसून रिस्क घ्यायला काय जातं.

पण पोरगं पेन्सिल खाली ठेवून म्हणालं, "एक कळलं नाही. तुला चार माहीत होतं, तर पाच का?" मी म्हटलं, विसरलो आता. तो माझ्याकडे बघत राहिला. पोरं हुशार झालीत, बंड्या.

एकदा सांगायच्या अगदी जवळ आलो होतो. जून २०२२ ला मध्य प्रदेशनं मुंबईला हरवून रणजी जिंकली. आपले कोच चंद्रकांत पंडित रडत होते. तेवीस वर्षांपूर्वी त्याच बंगळूरच्या मैदानावर कप्तान म्हणून हरलेला माणूस. दुसऱ्या दिवशी पेपरात चौकट होती, होळकरांची विजेतेपदं: १९४५-४६, ४७-४८, ५०-५१, ५२-५३. चार. मी ती कापून ठेवली, तुला पाठवायला. मग वाटलं, आकडा बघून तुला परत तेच आठवेल. खरं म्हणजे मलाच आठवलं असतं. ती चौकट या पत्राबरोबर ठेवतोय, जरा पिवळी पडली आहे.

होळीला तू येणारच आहेस. सगळी मंडळी छप्पन दुकानला खायला जमतीलच आणि कुणी ना कुणी तो विषय काढेलच. तेव्हा तू हसू नकोस आणि बोलूही नकोस. मी सांगणार आहे, सगळ्यांसमोर. मग ते मला जे काही म्हणायचं ते म्हणू देत, पोरांना नवीन घोषणा लागेलच. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. गुडघ्याचं काय झालं ते कळव.

तुझा,
गजा

ता. क. आईला मात्र अजून सांगितलेलं नाही. तिचा तुझ्यावर राग नाही, पण तुझं नाव निघालं की "पोरगा चांगला आहे, पण जरा उतावीळ" म्हणते. तू आलास की आधी घरी ये. आपण दोघं मिळून सांगू.